पुरस्कारावर नेमकं काय लिहिलं होतं? पुण्याचा चित्रपट महोत्सव, व्हेनिसचं मानपत्र आणि बडोद्याचं कलाभवन

आपल्या मंडळात वाचली जाणारी टिपणं बहुतेक बडोद्याची असतात. वाडे, तळी, संस्थानी कचेऱ्या, ग्रंथालयं, गायकवाडी रस्ते. मग पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवावर टिपण कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. कारण असं की त्या महोत्सवात जे पुरस्कार दिले जातात, त्यांच्या नावांचा माग काढत गेलं की एक रस्ता कोल्हापूरला जातो, एक इटलीतल्या व्हेनिसला आणि एक सरळ आपल्या कलाभवनात येऊन थांबतो. शिवाय या तिन्ही रस्त्यांवर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पुरस्कार मिळतो तेव्हा त्याच्या कागदावर एक मजकूर असतो. पन्नास वर्षांनी लोकांच्या तोंडी वेगळाच मजकूर असतो. आणि दरम्यान तो कागद कुठे गेला हे कोणी पाहिलेलं नसतं. या टिपणाचा विषय खरं म्हणजे तो कागद आहे.

पुण्याचा महोत्सव आणि त्यातली दोन नावं

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ज्याला पुणेकर आद्याक्षरं जोडून सरळ 'पिफ' म्हणतात, तो २००२ साली सुरू झाला. तो भरवणारी संस्था पुणे फिल्म फाउंडेशन, आणि महोत्सवाचे संचालक 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' या चित्रपटांचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पुढे राज्य शासनाचं पाठबळ मिळालं. बहुतेक वर्षी तो जानेवारीत, थंडीच्या दिवसांत भरतो.

महोत्सव म्हटला की चित्रपट येतात, पाहुणे येतात, रांगा लागतात. ते सगळं इथेही आहे. पण इतिहासाच्या वाचकाने पाहावं ते बक्षिसांच्या यादीकडे. जागतिक स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मिळतो तो 'प्रभात' पुरस्कार. मराठी स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला शासनातर्फे मिळतो तो 'संत तुकाराम' पुरस्कार. याखेरीज संगीत आणि ध्वनीसाठीचा पुरस्कार सचिनदेव बर्मन यांच्या नावाने आहे, आणि एक स्मृतिव्याख्यान विजय तेंडुलकरांच्या नावाने.

इतर महोत्सवांची बक्षिसं बघा. व्हेनिसचा सिंह, बर्लिनचं अस्वल, कान्सचं ताडाचं पान, आपल्या गोव्याच्या इफ्फीचा मोर. सगळी प्राण्यांची, पक्ष्यांची, झाडांची चिन्हं. पुण्याने मुख्य बक्षिसांसाठी एका कंपनीचं आणि एका चित्रपटाचं नाव निवडलं. इराणचा किंवा पोलंडचा एखादा दिग्दर्शक पुण्यात येऊन बक्षीस घेतो, तेव्हा त्याच्या हातात एका मराठी चित्रसंस्थेचं नाव पडतं. हे नाव का, हे त्याला समजावून सांगायचं तर १९२९ पर्यंत मागे जावं लागतं.

प्रभात आणि 'संत तुकाराम'

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापन झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. यांपैकी कुलकर्णी भांडवल पुरवणारे. बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताने काम करून तयार झालेले. १९३३ साली कंपनी पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि जवळच्या रस्त्याला प्रभात रोड म्हणतात.

'संत तुकाराम' १९३६ चा. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं. दामल्यांचा हात ध्वनिमुद्रणावर बसलेला, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. म्हणजे दोघेही मुळात यंत्राजवळची आणि रंगाजवळची माणसं. लेखन शिवराम वाशीकरांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवरून आलेले, एके काळी स्त्रीभूमिका करणारे नट. आवलीची भूमिका करणारी गौरी ही प्रभातमध्येच साधं काम करता करता पडद्यावर आलेली. मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला.

त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की पुष्कळांनी ते गाथेतलाच अभंग समजून म्हटलं. मूळ कागद न पाहता ऐकीव गोष्ट पुढे कशी जाते, याचं हे पहिलं उदाहरण या चित्रपटातच सापडतं.

व्हेनिस, १९३७

आता व्हेनिसकडे. आज जगात शेकडो चित्रपट महोत्सव भरतात, पण त्या सगळ्यांत वयाने थोरला व्हेनिसचा. तो १९३२ च्या ऑगस्टमध्ये लिडो बेटावर एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झाला. तिथल्या कलाप्रदर्शनाचाच तो भाग होता. इटलीत तेव्हा मुसोलिनीची सत्ता होती. १९३४ पासून मुख्य बक्षिसाचं नाव 'मुसोलिनी करंडक' झालं, तेव्हा यजमान कोण होता याबद्दल शंका उरत नाही.

१९३७ साली 'संत तुकाराम' या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला.  इथपर्यंत वाद नाही. पण आपल्याकडे पुढचं एक वाक्य हटकून येतं: 'जगातल्या तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी एक म्हणून त्याची निवड झाली.' लेखांतून, भाषणांतून, स्मरणिकांतून हे वाक्य मी वाचलं आहे. ते ऐकायला छान आहे. तपासायला गेलो तर काय दिसतं?

त्या वर्षीच्या मुख्य बक्षिसांची यादी अशी. सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी करंडक फ्रान्सच्या ज्युलियँ द्युव्हिव्हिए यांच्या 'अँ कार्ने द बाल' या चित्रपटाला. सर्वोत्कृष्ट इटालियन चित्रपटाचा करंडक 'शिपिओने लाफ्रिकानो'ला. रोमन सेनापती आफ्रिका जिंकतो अशी ती कथा, आणि इटलीने ॲबिसिनिया नुकताच गिळलेला होता. सर्वोत्कृष्ट नट जर्मनीचे एमिल यानिंग्ज, सर्वोत्कृष्ट नटी अमेरिकेच्या बेटी डेव्हिस. पटकथेसाठी साशा गित्री. ज्याँ रेन्वार यांच्या 'ला ग्रांद इल्यूजन' या युद्धकैद्यांवरच्या, युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटाला परीक्षकांचा एक वेगळा करंडक. आणि दिग्दर्शनाचं बक्षीस रॉबर्ट फ्लाहर्टी आणि झोल्टान कोर्डा यांना, 'एलिफंट बॉय'साठी.

या करंडकांच्या यादीत 'संत तुकाराम' नाही. त्याला मिळाली ती खास शिफारस, म्हणजे दखलपात्र चित्रपट म्हणून दिलेलं मानपत्र. 'तीन सर्वोत्कृष्टांपैकी एक' हे वाक्य करंडकांच्या यादीशी जुळत नाही.

हे लिहिलं की काही मंडळी नाराज होतात. मराठी चित्रपटाचा मान कमी करताय का, असं विचारतात. मला तर उलट वाटतं. त्या वर्षी परीक्षकांसमोर रेन्वार होते, फ्लाहर्टी होते, अमेरिकेच्या बड्या कंपन्या होत्या, यजमान सरकारचा लाडका भव्य ऐतिहासिक चित्रपट होता. त्यात पुण्याहून एक मराठी चित्रपट गेला. त्याची भाषा तिथे कोणाला येत नव्हती, त्याचा नायक एक शांत वाणी, त्याच्या पाठीमागे कुठलंही सरकार नव्हतं. इंग्रजांच्या ताब्यातल्या देशातला चित्रपट होता तो. तरी परीक्षकांना थांबून त्याच्याबद्दल एक कागद लिहावासा वाटला. एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिला 'तीन'चा टेकू कशाला?

त्याच यादीतला दुसरा भारत

'एलिफंट बॉय'वर थोडं थांबू, कारण मराठीत त्या वर्षाबद्दल लिहिताना हे नाव सहसा येत नाही.

हा चित्रपट लंडनच्या कंपनीचा, किपलिंगच्या गोष्टीवर बेतलेला. त्यातलं बाहेरचं चित्रण म्हैसूर संस्थानात झालं, आणि नायक होता तिथल्या हत्तीखान्यातल्या माहुताचा मुलगा साबू. पुढे तो हॉलिवूडमध्ये गेला आणि जगभर प्रसिद्ध झाला. म्हणजे १९३७ च्या व्हेनिसमध्ये एकाच वेळी दोन भारत पडद्यावर होते. एक जंगलातला, हत्तींचा, परदेशी कॅमेऱ्याने टिपलेला. दुसरा देहू गावातला. नांगर, जातं, कर्ज, बायकोची कटकट आणि अभंग असलेला, देशी माणसांनी देशी स्टुडिओत घडवलेला. करंडक पहिल्याला मिळाला, मानपत्र दुसऱ्याला. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. फ्लाहर्टी हा मोठाच दिग्दर्शक होता. पण कोणत्या भारताला करंडक आणि कोणत्या भारताला मानपत्र हे त्या काळाबद्दल बरंच सांगून जातं. आपण मानपत्राला करंडक म्हणू लागलो की हा फरकच पुसला जातो, आणि त्याबरोबर एक ऐतिहासिक पुरावाही.

पुढच्या वर्षी, १९३८ ला, मुसोलिनी करंडक लेनी रीफेन्श्टालच्या 'ऑलिंपिया' या जर्मन चित्रपटाला आणि मुसोलिनीच्या मुलाच्या देखरेखीखाली झालेल्या एका इटालियन चित्रपटाला विभागून दिला गेला. फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन मंडळी वैतागली. या नाराजीतून फ्रान्सने स्वतःचा महोत्सव कान्सला भरवायचं ठरवलं. त्याच्या उद्घाटनाची तारीख पडली १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पहिला कान्स महोत्सव प्रत्यक्षात व्हायला १९४६ उजाडलं.

त्या पहिल्या कान्समध्ये चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला सर्वोच्च बक्षीस मिळालं. इथेही तोच प्रकार. 'कान्स जिंकणारा एकमेव भारतीय चित्रपट' असं सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. पण त्या वर्षी ते सर्वोच्च बक्षीस ११ चित्रपटांना मिळून दिलं होतं, हे सांगायचं राहून जातं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, देशादेशांत गोडी राखायची होती, म्हणून तसं झालं असणार. अकरांपैकी एक असण्यात कमीपणा नाही. पण अकरा हा आकडा सांगितला की १९४६ सालचं जग डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि गाळला की नुसता अभिमान उरतो.

आपल्या देशातली बक्षिसं

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. एक महोत्सवाची, एक राष्ट्रीय पुरस्कारांची.

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत सुरू झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. त्यात स्पर्धा नव्हती, म्हणजे बक्षिसंही नव्हती. भारताच्या चित्रपटांत शांतारामांचा मराठी 'अमर भूपाळी' होता, होनाजी बाळाच्या जीवनावरचा. सुवर्णमयूर हे बक्षीस आलं १९६५ मध्ये, तिसऱ्या महोत्सवात. परीक्षकांचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि पहिला मोर गेला श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पेरीस यांच्या 'गंपेरलिया'ला. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात स्थिरावला.

राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, हे मराठी घराघरांत माहीत आहे. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला रौप्यपदक मिळालं, हे कमी जणांना आठवतं. सुवर्ण लक्षात राहतं, रौप्य विसरलं जातं. पण फुल्यांवरच्या चित्रपटाची सरकारने इतक्या लवकर दखल घेतली, हे त्या रौप्यपदकाखेरीज कशाने कळणार?

व्हेनिसचा आणि मराठीचा धागाही पुढे जोडला गेला, पण बऱ्याच काळाने. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला तिथल्या 'ओरिझोंती' विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि पदार्पणाचं अशी दोन बक्षिसं मिळाली. २०२० मध्ये त्यांचाच 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला पटकथेचं बक्षीस मिळालं. 'संत तुकाराम'पासून मोजलं तर ८३ वर्षं.

कागद हरवतो, फीत जळते

आता मूळ प्रश्नाकडे. १९३७ चं ते मानपत्र कुठे होतं?

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. कंपनी बुडते तेव्हा यंत्रं विकली जातात, फर्निचर विकलं जातं, पण भिंतीवरच्या चौकटी कोणाच्या यादीत नसतात. व्हेनिसचं मानपत्र असंच गायब झालं. कित्येक वर्षं ते हरवलेलंच होतं. अखेर ते तिरुवनंतपुरममधल्या एका सिनेमॅटोग्राफरकडे सुरक्षित असल्याचं कळलं, आणि मार्च २००४ मध्ये ते पुण्याच्या इन्स्टिट्यूटला परत मिळालं. पुण्यातलं मानपत्र केरळात जपलं गेलं. ज्याने ते जपलं त्याचे आपण सगळ्यांनी आभार मानावेत.

ते परत येण्याच्या वर्षभर आधी, ८ जानेवारी २००३ ला, इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या फितींच्या कोठीला आग लागली. तिथे नायट्रेट फिती होत्या. या फितीबद्दल इंजिनीअर म्हणून दोन शब्द. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असायची. रसायनाच्या दृष्टीने हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. एकदा पेटला की जळायला बाहेरची हवा लागत नाही. लागणारा प्राणवायू त्याच्या आतच असतो. पाण्यात बुडवला तरी तो जळत राहतो. जुना झाला, उष्ण आणि दमट जागी राहिला, की स्वतःहून कुजतो, चिकट होतो, शेवटी त्याची पूड होते. त्या आगीत मूकपटांच्या आणि जुन्या बोलपटांच्या कितीतरी मूळ फिती गेल्या, प्रभातच्याही गेल्या. सुदैवाने 'संत तुकाराम' आज पाहता येतो, कारण त्याच्या प्रती दुसऱ्या सुरक्षित फितीवर आधीच उतरवलेल्या होत्या.

पिफची पहिली खेप २००२ ची, आग २००३ ची, मानपत्र परत आलं २००४ ला. या तीन तारखा मी मुद्दाम ओळीने मांडतो. यांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण 'प्रभात' आणि 'संत तुकाराम' ही नावं दरवर्षी व्यासपीठावरून उच्चारली जाणं का महत्त्वाचं, ते या तारखा सांगतात. फीत जळू शकते, कागद हरवू शकतो. दरवर्षी मोठ्याने घेतलेलं नाव टिकतं. फक्त नावासोबत मजकूरही खरा टिकायला हवा.

बडोद्याचा वाटा: फाळके आणि कलाभवन

देशातला चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळक्यांच्या नावाने आहे. त्यांची जन्मशताब्दी जवळ आली होती तेव्हा, १९६९ मध्ये, तो सुरू झाला आणि पहिला देविका राणींना मिळाला. मराठी मंडळींत भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, आशा भोसले यांना तो मिळाला आहे.

फाळके बडोद्याला शिकले, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. पण कसं सांगतो ते पाहा. 'फाळके महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले' असं छापलेलं सापडतं. 'फाइन आर्ट्‌स फॅकल्टीत शिकले' असंही सापडतं. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये, फाइन आर्ट्‌स फॅकल्टी १९५० मध्ये. फाळके वारले १९४४ मध्ये. 'फाळके बडोद्यात सिनेमा शिकले' हेही तसंच. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या ७ जुलै १८९६ ला. कलाभवन त्याच्या सहा वर्षं आधीचं, १८९० चं. जी गोष्ट जन्मालाच आली नव्हती ती कोण शिकवणार?

मग खरं काय? सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी कलाभवन उभं केलं. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला, छपाई असे विषय, आणि कारागिराच्या मुलाला समजेल अशा देशी भाषेतून ते शिकवण्याचा आग्रह. हेच गज्जर पुढे अलेंबिकच्या स्थापनेतही होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेले फाळके इथे चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण यांत रमले. गज्जरांनी त्यांना हाताशी धरलं, कलाभवनातला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. ब्लॉक तयार करणं, फोटोलिथो छपाई, अंधाऱ्या खोलीतली रसायनं हे सगळं त्यांनी या काळात आत्मसात केलं. एका प्रशिक्षणासाठी गज्जरांनीच त्यांना रतलामला धाडल्याचं चरित्रकार सांगतात. पुढे काही वर्षांनी फाळक्यांनी बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा टाकला तेव्हा, कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी वावडी उठल्याने तो बसला, अशीही हकीकत चरित्रांत येते.

१९१२-१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' तयार होत होता तेव्हा बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या फितीला कडेची भोकंसुद्धा नसायची. ती घरी, रात्री, अंधारात पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके हे काम करत. फीत धुण्याची रसायनंही घरातच मिसळली जात. हे धाडस ज्याला सुचलं आणि साधलं, त्याचा हात अंधाऱ्या खोलीत आधीच बसलेला होता. कलाभवनाने फाळक्यांना सिनेमा शिकवला नाही. सिनेमा आला तेव्हा तो घरी करून पाहता येईल असा हात दिला. माझ्या मते हे जास्त मोठं देणं आहे. आणि ते तांत्रिक शिक्षणाचं आहे, ज्याचा वारसा आजच्या टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टीकडे आहे. लोक आजही तिला कलाभवनच म्हणतात. 'फाइन आर्ट्‌समध्ये शिकले' म्हटल्याने फाळक्यांचं श्रेय चुकीच्या इमारतीवर लिहिलं जातं, आणि कारागिरीचं शिक्षण झाकलं जातं.

यात एक पदकही आहे. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांना सुवर्णपदक मिळालं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. कशासाठी? आदर्श नाट्यगृहाच्या नमुन्यासाठी. ज्याच्या नावाने आज चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान दिला जातो, त्याचं तरुणपणातलं पदक चित्राचं नाही, छायाचित्राचंही नाही. माणसं एकत्र बसून खेळ पाहतील अशा जागेच्या आराखड्याचं आहे. 'फाळक्यांना सुवर्णपदक मिळालं' एवढंच लिहून थांबलो तर यातलं काहीच हाती लागत नाही. पदक कशासाठी, हा प्रश्न विचारला तरच ते बोलतं.

आपण काय करू शकतो

यंत्रावर एक धातूची पट्टी असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, साल, अश्वशक्ती, दाब हे कोरलेलं असतं. यंत्र कितीही रंगवलं तरी जाणता माणूस आधी ती पट्टी पुसून वाचतो. पुरस्कारही असेच वाचावेत असं मला वाटतं. चार प्रश्न पुरतात. दिला कोणी? नेमका कशासाठी? किती जणांत विभागून? आणि मूळ वस्तू आज कुठे आहे?

या चार प्रश्नांनी 'संत तुकाराम' लहान होत नाही, 'नीचा नगर' लहान होत नाही, फाळकेही लहान होत नाहीत. तिघेही आपापल्या खऱ्या जागी उभे राहतात, आणि त्या जागा पुरेशा उंच आहेत.

पुण्याने आपली नावं व्यासपीठावर जपली. बडोद्यात आपल्याकडे महोत्सवाचं व्यासपीठ नसेल, पण घरं आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवर, देव्हाऱ्याखालच्या ट्रंकांत अजून पदकं आहेत. कलाभवनाची प्रशस्तिपत्रं, प्रदर्शनांची बिल्लं, संगीतशाळेची, आखाड्याची, नाटकमंडळींची मानपत्रं. घराचा पुनर्विकास होतो, मुलं परदेशी असतात, आणि भंगारवाला पितळेचं वजन करून घेऊन जातो. त्याच्या तागडीत मजकुराला किंमत नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. येत्या तीन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या किंवा ओळखीच्या घरातलं एक पदक किंवा एक मानपत्र शोधावं आणि त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मंडळाकडे द्यावा. वस्तू त्यांच्याच घरी राहू दे. पदकाच्या मागच्या बाजूचा फोटो विसरू नका. नाव, साल आणि कारण बहुतेक वेळा तिथेच कोरलेलं असतं.